बिनउंचीची टीम

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "तीस वर्षं गिरणीत खेळमास्तर होतात, तर सगळी नोकरी क्रमाने लिहून काढा." क्रमाने सांगायला मी काय गिरणीचा हजेरीपट आहे? त्या तीस वर्षांत मी कुस्ती शिकवली, कबड्डी शिकवली, आणि मॅनेजरसाहेबांच्या मेहुण्याला तापीत पोहायला शिकवताना स्वतःच बुडता बुडता वाचलो. मला त्या मेहुण्याने बाहेर काढलं. ते सगळं राहू द्या. मी एकच गोष्ट सांगतो, कारण तिचं कोडं मला आजही पुरतं सुटलेलं नाही. दहा फुटांवर टांगलेल्या कडीत बॉल टाकायचा खेळ, आणि त्यात उंच माणूस बाहेर बसल्यावर आमचे पाच ठेंगणे जिंकले ते कसे?

माझं बोलणं ऐकताना घरची माणसं निम्मं वजा करतात. वाचकांनीही करावं. उरेल तेही थोडंथोडकं नाही.

बास्केटबॉल ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी चार शब्द. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब, खांबावर लाकडी फळी, फळीला लोखंडी कडी आणि कडीला जाळी. इकडची पाच माणसं, तिकडची पाच. बॉल कवटाळून पळायचं नाही, जमिनीवर आपटत न्यायचा. समोरच्याला हाताने अडवायचं नाही. अडवलं की पंच शिट्टी मारून फाउल देतो, आणि एका माणसाचे पाच फाउल झाले की तो बाहेर. त्या सामन्यात पुन्हा आत नाही. कडी उंच, म्हणून जगातल्या शहाण्या माणसांनी ठरवून टाकलं की हा उंच माणसांचा खेळ. आमचे मॅनेजरसाहेब शहाणेच होते.

आमची टीम मागखात्यातल्या विणकरांची. मला मोजमापाची खोड, म्हणून मी सगळ्यांना कापड मोजायच्या तीन फुटी गजाने मोजून वहीत लिहून ठेवलं होतं. कप्तान सुपडू, पावणेदोन गज. सिंधीपुऱ्यातला रहीम त्याच्याहून दोन बोटं जास्त, आणि त्या दोन बोटांची ऐट एवढी की सुपडूशी बोलताना तो मान खाली घालून बोले. बहादरपूरचे दोन चुलतभाऊ होते, त्यांना मी शेवटपर्यंत एकमेकांच्या नावाने हाका मारत आलो. त्यांनीही कधी दुरुस्त केलं नाही. पाचवा शंकर. तो इतका बारीक होता की आडवा वळला तर पंचांना चारच खेळाडू दिसत.

यांना खेळण्याचा पगार मिळे का? मिळे आणि नाहीही. त्या काळी पगारी खेळाडू म्हणजे हजेरीपटावर एक काम आणि मैदानावर दुसरं. मोठ्या गिरण्या चांगला खेळाडू दिसला की त्याला कुठल्यातरी खात्यात चिकटवून टाकत. कुणी कागदोपत्री गोदामात असे, त्याने गोदामाचं दार पाहिलेलं नसे. आमच्या गिरणीत मात्र माग चालवणारेच खेळत, आणि म्हणूनच आम्ही नेमाने हरत असू.

तो काळ संस्थानं विलीन होण्याचा होता. रोज कुठला ना कुठला राजा घरी बसत होता आणि त्याची माणसं रस्त्यावर येत होती. माहूत, भालदार, बँडवाले कामं शोधत बऱ्हाणपुरापर्यंत येत. एका सकाळी गिरणीच्या फाटकात एक माणूस येऊन उभा राहिला आणि फाटकच ठेंगणं दिसायला लागलं. हा भवानसिंग. एका लहानशा संस्थानच्या राजवाड्याच्या दारावर सतरा वर्षं पहारा केलेला. अंगात पितळी बटणांचा कोट. तलवार सरकारजमा झालेली, पण डावा हात अजून तिच्या मुठीवर असल्यासारखा कमरेपाशी. तो रामराम करायला वाकला की खाली पोचेपर्यंत समोरचा माणूस आपल्या खात्यात जाऊन कामाला लागलेला असे. मी गावात त्याची उंची सव्वादोन गज सांगत असे. खरी दोन गज आणि पाच बोटं.

मॅनेजरसाहेबांनी त्याला खिडकीतून पाहिलं आणि मला बोलावून घेतलं.

"मास्तर, हा माणूस कडीत बॉल टाकणार नाही. ठेवणार."

"साहेब, त्याने जन्मात बॉल पाहिलेला नाही."

"त्यात पाहायचंय काय? गोल असतो."

झालं. हजेरीपटावर तो फाटकाचा चौकीदार झाला. गिरणीच्या चाळीत खोली मिळाली. साहेबांनी त्याच्यासमोरच मला बजावलं, "कडीत बॉल पडतोय तोवर हा आपला. पडायचा थांबला, की फाटकाला चौकीदार पुष्कळ आहेत." हे मी हिंदीत सांगायला लागलो तर भवानसिंग म्हणाला, "समझ गया, मास्टरजी. राजवाड्यात पण असंच होतं."

पहिलं वर्ष मोठं मजेत गेलं. आमची युक्ती एकच: बॉल उंच फेकायचा. इतरांचे हात पोचत नसत तिथे भवानसिंगचे हात आधीच जाऊन बसलेले असत. तो बॉल धरी, वळे आणि कपाटात डबा ठेवावा तसा कडीत ठेवी. आम्ही जिंकू लागलो. साहेब खूश. विणकर मात्र कंटाळले.

"मास्तर," सुपडू म्हणाला, "आम्ही इथं काय करू राह्यलो? बॉल वर फेकाचा न् उभं राहाचं. मले तर वाटते, एक खांब मैदानात गाडला आहे न् आम्ही त्याले पाणी घालू राह्यलो."

दुसऱ्या वर्षी खांब सगळ्यांनाच सापडले. इंदूरकडच्या एका गिरणीने दुसऱ्या कुठल्यातरी राजवाड्यावरचे दोन पहारेकरी उचलले. दोघे भवानसिंगइतके उंच, आणि वयाने दहा वर्षांनी लहान. त्यात भवानसिंगची एक अडचण होती, तिचा शोध मी बरेच दिवस घेत होतो. त्याचे फाउल फार होत. तो भांडखोर नव्हता, कुणाला ढकलत नव्हता. मग फाउल का? मी वहीत टिपणं केली, मैदानाच्या चारी कोपऱ्यांतून पाहिलं, आणि एक दिवस उलगडलं. सतरा वर्षं दारात कुणी विनापरवानगी शिरायला लागलं की त्याचा उजवा हात आडवा होत होता. आता बॉल आपटत कुणी कडीकडे धावला की तोच हात तसाच आडवा होई. त्याला कळायच्या आत. शिट्टी वाजली की तो आपल्याच हाताकडे असा बघे, जणू दुसऱ्या कुणाचा हात चुकून त्याच्या खांद्याला लागलाय.

मी पुष्कळ प्रयत्न केले. हात पाठीमागे बांधून पळवलं. हातात बादल्या दिल्या. त्याने बादलीसकट हात आडवा केला आणि शंकरला आंघोळ घातली.

मग तो दिवस आला, आमच्या वार्षिक स्पर्धेच्या महिनाभर आधीचा. भवानसिंग बायकोला आणि दोन मुलींना गावाहून आणायला गेला होता. खांडव्याहून एक टीम नुसती सरावाला खेळायला आली होती. त्यांच्यातही एक चांगला ताडमाड होता. मी म्हटलं, चला, हरूनच घेऊ. पाच ठेंगणे मैदानात सोडले.

आणि मी जे पाहिलं त्याने माझी पेन्सिल हातातून गळाली.

एरवी खेळाडू ओरडत असतात, "इकडे! मला दे! मागे बघ!" आमचे पाचही जण मुके. एक शब्द नाही. नुसते पळताहेत, आणि बॉल एकाकडून दुसऱ्याकडे असा जातोय की जणू मागावरचा धोटा, ह्या काठावरून त्या काठावर. कडीखाली आमचा एकही माणूस नाही. पाचही जण लांब लांब पसरलेले. आता त्यांच्या उंच माणसाने करावं काय? तो कडीखाली थांबला तर आमचा एक जण लांबून निवांत नेम धरतो. तो पुढे आला तर त्याची पाठ वळायच्या आत दुसरा मागून शिरतो आणि मोकळ्या कडीत बॉल टाकतो. बिचारा ताडमाड पुढे-मागे, पुढे-मागे, झोपाळ्यासारखा. तो दमून खाली बसला तेव्हा आम्ही एवढ्या फरकाने पुढे होतो की मी आकडा सांगत नाही. निम्मा वजा केला तरी खोटा वाटेल.

"हे ठरवलं कधी?" मी सुपडूला विचारलं.

"ठरवाचं काय त्यात? खात्यात करतो तेच केलं."

मागखात्यात ज्यांनी पाऊल टाकलेलं नाही त्यांना सांगतो. तिथे शेकडो माग एकदम चालतात. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकर खुणांनी बोलतात. कानाची पाळी ओढली म्हणजे जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. गळ्यावरून बोट फिरवलं म्हणजे दोरा तुटला. मूठ उघडली म्हणजे धोट्यातली सुताची कांडी संपली. बायकोशी झालेलं भांडण, तेही खुणांनी सांगतात, आणि चार ओळी पलीकडचा माणूस खुणांनी सल्ला देतो. ह्या पाचांनी तीच भाषा मैदानात आणली होती. कान ओढला: उंच माणूस पुढे आलाय. गळ्यावर बोट: मधे फट पडलीय, शीर. मूठ उघडली: मी दमलो, माझा माणूस तू घे. मैदानाबाहेर बसल्या बसल्या ते अशा खुणा करत, हे मी दोन वर्षं पाहत होतो आणि मला वाटे यांना खाज सुटते.

भवानसिंग फाटकावरचा. त्याला यातलं अक्षर येत नव्हतं. तो मैदानात असला की बॉल वर फेकायचा, आणि खुणा बंद.

म्हणजे आमची खरी टीम कुठली हे त्या दुपारी मला कळलं. आणि मी काय केलं? वही मिटली. विणकरांना म्हणालो, "योगायोग आहे. खांडव्याची टीम कच्ची होती."

सुपडूने बॉल काखेत मारला. "मास्तर, तुमी बाकीच्यायले थापा मारता ते ठीक आहे. आमाले बी?"

त्याला काय सांगणार? भवानसिंगच्या दोन्ही मुलींची नावं दुसऱ्याच दिवशी गिरणीच्या शाळेत घातली गेली. बायकोने खोलीपुढे तुळस लावली. त्याच्याशिवाय टीम जिंकते हे साहेबांच्या कानावर गेलं असतं, तर त्या कुटुंबाला आणलेली ट्रंक उचलून परत जावं लागलं असतं. महिनाभर मी ते गुपित पोटात ठेवलं. माझ्यासारख्या माणसाने गुपित ठेवायचं म्हणजे काय असतं हे बायकोला विचारा. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी सुजलो होतो.

अंतिम सामना, अर्थातच, त्या दोन खांबवाल्या इंदूरकडच्या गिरणीशी. हिवाळ्यातली दुपार. अर्धं गाव मैदानावर, उरलेलं कडुलिंबावर. बारा मैलांवरच्या अशीरगडावरून सुद्धा लोक बघत होते असं मी नेहमी सांगतो. ढोल-ताशा एवढा की पंचांची शिट्टी फुंकलेली दिसे, ऐकू येत नसे.

मी भवानसिंगला उतरवलं. पहिल्या डावात आमची धूळधाण झाली. वर फेकलेला बॉल त्यांचे दोन खांब आधीच धरत. इकडे भवानसिंगचा उजवा हात चार वेळा आडवा झाला. चार फाउल. मध्यंतराला आम्ही अकरा गुणांनी मागे.

बहादरपूरच्या भावांनी घरची केळी आणली होती. कुणी खाईना. सुपडूने सरळ विषयाला हात घातला.

"मास्तर, त्यायले बसवा."

"सुपडू, तुला माहीत आहे बसवल्यावर काय होईल."

"माहीत आहे. म्हणून तर महिना झाला गप आहे ना मी. पण आज हरलो तरी साहेब त्यायले काढतीलच. मग जिंकून काहून नाही?"

भवानसिंग दोन हातांच्या अंतरावर खाली बसला होता. इतक्या जवळ की त्याला सगळं ऐकू आलं. त्याने एक केळं सोललं, अर्धं शंकरला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं. मग म्हणाला, "मास्टरजी, त्या दिवशी मी गावाहून आलो ना, तेव्हा झाडामागे उभा होतो. पूरा खेल देखा. बायको म्हणाली, किती छान खेळतात, तुम्ही कधी जाणार आत?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बघू."

मी तरीही त्याला उतरवलं. माझ्याने 'बस' म्हणवेना. मुलाबाळांचा माणूस, गावासमोर मी कसा बसवू? दुसरा डाव सुरू झाला. त्यांचा एक साधा, बुटका खेळाडू मैदानाच्या मध्यावरून बॉल आपटत येत होता. अजून कडी कुठल्या कुठे. भवानसिंगची जागा कडीखाली. तो तिथून निघाला. पळत नाही, चालत. राजवाड्याच्या जिन्यावरून उतरावं तसा मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला, त्या खेळाडूसमोर उभा राहिला, आणि उजवा हात आडवा केला. मग डावाही केला. माणूस येऊन त्याच्या हातांवर आदळला.

शिट्टी. पाच.

भवानसिंगने पंचांना सलाम ठोकला, बाहेर आला आणि पितळी बटणांचा कोट चढवून बसला. त्या आधीच्या शेकडो फाउलांत त्याचा हात आपणहून आडवा झाला होता. हा एक झाला की त्याने केला? डाव्याचं कारण काय? तो कडीपासून इतक्या लांब कशाला गेला? मी त्याला नंतर कितीदा तरी विचारलं. तो दर वेळी एकच सांगे, "आदत खराब आहे, मास्टरजी."

त्याच्या जागी आमचा पाचवा विणकर आत गेला. भवानसिंग खेळे तेव्हा बहादरपूरचा एक भाऊ बाहेर बसे, तोच हा. कुठला ते विचारू नका. आणि मैदानावर सगळे मुके झाले. ढोल वाजत होते. त्यांचे मास्तर घसा फाडून ओरडत होते आणि त्यांच्या खेळाडूंना काही ऐकू येत नव्हतं. आमच्यांना ऐकायचंच नव्हतं. रोज आठ तास ते याहून मोठ्या गोंगाटात बोलत होते. रहीमने कान ओढला. शंकरने गळ्यावरून बोट फिरवलं. त्यांचा पहिला खांब पुढे आला, सुपडू त्याच्या काखेखालून गेला. दुसरा खांब वळला, तोवर बॉल तिसरीकडे. त्यांच्या बाजूने उंच बॉल यायचा तो येईनासा झाला, कारण आमचे लोक खांबांपाशी गेलेच नाहीत. बॉल फेकणाऱ्याच्या तोंडाशी माशांसारखे घोंघावत राहिले. अकरा गुणांची खाई भरली. शेवटच्या क्षणी सुपडूने लांबून बॉल सोडला. तो कडीवर तीन वेळा फिरला. मी नेहमी सात सांगतो. आत पडला. एका गुणाने आम्ही जिंकलो.

साहेबांनी तिथेच भाषण केलं. म्हणाले, "आज सिद्ध झालं की आपल्या गिरणीला बाहेरून माणसं आणायची गरज नाही." टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या भवानसिंगच्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. म्हणालो, हा डाव आमचा ठरलेला होता; भवानसिंगने पहिल्या डावात खांबांना मुद्दाम दमवलं; त्याच्याशिवाय हे अशक्य. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, मी सामना पाहिला. तुमच्या शेजारीच बसलो होतो."

जन्मभर मी उगाचच्या गोष्टी फुगवून सांगितल्या, लोक हसले, आणि ज्या एका दिवशी कुणीतरी विश्वास ठेवायला हवा होता त्या दिवशी माझ्याकडे कुणाला द्यायला खरेपणा शिल्लक नव्हता. त्याची बोच मला अजून आहे.

तेवढ्यात दाराबाहेरून सुपडू आत आला. टोपी हातात. "साहेब, त्यायले मागावर घ्या. शिकाऊ म्हणून. माझ्या बाजूले."

"चाळिशीच्या माणसाला विणायला कोण शिकवणार?"

"मी शिकवतो. नाही आलं तर दोन महिन्यांनी काढा. पण मग मले बी टीममधून काढा."

कप्तानाने चषक आणून चोवीस तास झाले नव्हते. साहेब कडीकडे बघावं तसे छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन महिने."

त्या दोन महिन्यांत मी खात्यात गेलो नाही. भीती वाटे. राजवाड्याच्या दारावरचा माणूस, मागांच्या वर फिरणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यांखालून वाकून वावरणार, कमरेएवढ्या सुपडूचं ऐकणार. पन्नास दिवस झाल्यावर मात्र कुतूहल भीतीवर मात करून गेलं. मी मागखात्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

गोंगाट अंगावर आला. शेकडो माग आणि त्यांच्यावर एक डोकं. तो दाराजवळच्याच मागावर होता. कोट नव्हता, बनियनवर कापसाचे तंतू. तुटलेला दोरा चिमटीत धरून तो ओवत होता, आणि त्याचा उजवा हात पिसासारखा हलका झाला होता. मला पाहून त्याने मान वर केली. मी हात हलवला. त्याने उत्तर म्हणून दोन बोटं डोळ्यांपाशी नेली, चिमूट दाखवली आणि तळहात बाजूला झटकला. काहीतरी मायेचं असावं. मी हसून मान डोलावली. त्याने तेच पुन्हा केलं, जरा जोरात.

पलीकडे सुपडू मागावर हात टेकून हसत होता. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "काय म्हणतोय तो?"

सुपडू माझ्या कानाशी ओरडला, "म्हणते, दोरा दिसत नाही. दारातून हटा, उजेड अडवू राह्यले!"

मी पटकन बाजूला झालो.